वेस्टमिन्स्टर ॲबी ‘एकेकाळी कॅथेड्रल होती’ म्हणजे नेमकं काय?

साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक सध्या मुलीकडे लंडनला आले आहेत. वेस्टमिन्स्टर ॲबी बघताना कानाला लावलेल्या यंत्रातून त्यांनी ऐकलं, की ही ॲबी मधे दहा वर्षं कॅथेड्रल होती. त्यावर त्यांनी विचारलंय: कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च ना? मग इमारत तीच असताना दर्जा खाली कसा आला? कुणी काढून घेतला? असं आणखी कुठे झालंय, आपल्याकडे झालंय का? आणि दोन दिवस मोकळे आहेत, तर लंडनबाहेर यातलं काय बघण्यासारखं आहे?

सर, मी बावीस वर्षं इंग्लंडात गाईडचं काम करते. गट बहुतेक मराठीच असतात आणि हा प्रश्न दर मोसमात एकदा तरी येतोच. तो नेमका बसमधून उतरता उतरता येतो, म्हणून मी दोन वाक्यांत उरकते. आज बाहेर धो धो पाऊस आहे आणि गट उद्याचा आहे, तेव्हा सवडीने लिहिते.

सगळ्यात आधी, कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च हे डोक्यातून काढून टाका. ‘कॅथेड्रा’ हा मुळात ग्रीक शब्द, लॅटिनमधून पुढे आला. अर्थ खुर्ची, आसन. बिशप एका ठरावीक प्रदेशाचा धर्मप्रमुख असतो. त्या प्रदेशाला आम्ही वसईकडे धर्मप्रांत म्हणतो, माझं माहेर तिकडचं. त्या प्रांतातल्या ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल. चर्च केवढं आहे, किती जुनं आहे, मनोरा किती उंच आहे याचा इथे काही संबंध नाही. ऑक्सफर्डचं कॅथेड्रल हे एका कॉलेजचं चॅपलही, म्हणजे त्यांचं खाजगी प्रार्थनाघरही आहे आणि तसं लहानच आहे. उलट यॉर्कशायरमधलं बेव्हर्ली मिन्स्टर कित्येक कॅथेड्रलांपेक्षा मोठं, पण ते गावचं साधं पॅरिश चर्च.

तुम्ही साताऱ्याचे, गादी म्हणजे काय हे मी तुम्हाला काय सांगणार! रायगडावरून गादी जिंजीला गेली, पुढे साताऱ्याला आली. रायगडाचा दगड काही कमी झाला नाही, राजधानी तेवढी राहिली नाही. कॅथेड्रलचं तसंच आहे. बिशपची गादी दुसरीकडे गेली की मागे राहतं ते ‘माजी कॅथेड्रल’. कधी ते गावचं चर्च होतं, कधी मठ होतं, कधी शेतात चार भिंती उरतात. म्हणून अशा ठिकाणी गेलं की मी आधी दोन गोष्टी विचारते: खुर्ची कुठून आली आणि कुठे गेली?

आता वेस्टमिन्स्टर. इथे माझी फजिती झालेली आहे ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. धंद्यात नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका गटाला मी निरोप दिला, ‘सकाळी साडेनऊला वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या चर्चसमोर भेटू.’ अर्धी मंडळी ॲबीसमोर आली. उरलेल्यांना टॅक्सीवाल्याने व्हिक्टोरिया स्टेशनजवळ वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलसमोर सोडलं. तांबड्या विटांचं, पांढऱ्या पट्ट्यांचं, बायझंटाइन धाटणीचं ते चर्च कॅथलिकांचं. १९०३ साली उघडलं. त्याचा आणि ॲबीच्या त्या दहा वर्षांचा काही संबंध नाही. दोन चर्चमध्ये चालत दहा-बारा मिनिटांचं अंतर, पण त्या दिवशी मी ते धावत कापलं. तेव्हापासून मी ‘मोठं चर्च’ हा शब्दच टाकला.

ॲबी ही मुळात बेनेडिक्टाइन भिक्षूंचा मठ. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी फारकत घेतली आणि देशभरातले मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी, चांदी, छपरांवरचं शिसं सगळं ताब्यात घेतलं. वेस्टमिन्स्टरचा मठ जानेवारी १५४० मध्ये बंद झाला. पण इथे राज्याभिषेक व्हायचे आणि राजे इथेच पुरलेले होते, तेव्हा ही वास्तू पाडणं हेन्रीलाही परवडणारं नव्हतं. मग त्याने वर्ष संपायच्या आत तिथे नवा धर्मप्रांत काढला, थॉमस थर्लबी यांना बिशप नेमलं आणि मठाचं चर्च कॅथेड्रल झालं. त्या दोन-तीन वर्षांत हेन्रीने असे सहा नवे धर्मप्रांत काढले आणि सगळ्यांना जुन्या मठांचीच चर्चं दिली: ग्लॉस्टर, पीटरबरो, चेस्टर, ब्रिस्टल, ऑक्सफर्ड आणि वेस्टमिन्स्टर. पाच टिकले. वेस्टमिन्स्टर तेवढं १५५० मध्ये मोडीत निघालं आणि थर्लबींची नॉरिचला बदली झाली. वेस्टमिन्स्टरचे पहिले बिशप तेच आणि शेवटचेही तेच.

तुमच्या यंत्राने सांगितलेली दहा वर्षं ती ही. पण खरी गंमत पुढेच आहे. लंडनला सेंट पॉल हे कॅथेड्रल आधीपासून होतंच. १५५२ साली पार्लमेंटने कायदा करून ॲबीला त्याच प्रांताचं दुसरं कॅथेड्रल ठरवलं. एका बिशपच्या दोन गाद्या! मग राणी मेरी आली. ती कट्टर कॅथलिक, तिने १५५६ मध्ये भिक्षू परत आणले आणि ॲबी पुन्हा मठ झाली. मेरी गेली, पहिली एलिझाबेथ आली, भिक्षू पुन्हा बाहेर. १५६० मध्ये तिने सनद देऊन ॲबी थेट राजसत्तेच्या अखत्यारीत घेतली. आजही तिथे कुठल्याच बिशपचा अधिकार चालत नाही, तिथले प्रमुख धर्मगुरू, म्हणजे डीन, थेट राजाला जबाबदार असतात. म्हणजे वीस वर्षांत मठ, कॅथेड्रल, जोड-कॅथेड्रल, पुन्हा मठ आणि शेवटी यांतलं काहीच नाही. आजचं अधिकृत नाव ‘कॉलेजिएट चर्च ऑफ सेंट पीटर’. तेव्हा काटेकोर बोलायचं तर ‘ॲबी’ हेही चूकच, कारण साडेचारशे वर्षांत तिथे मठ नाही. पण लोकांच्या तोंडातलं नाव कोण बदलणार? आपल्याकडे ‘व्हीटी’ गेलंय का?

त्या दहा वर्षांची एक खूण मात्र तुम्ही रोज बघत असाल. रस्त्यांच्या पाट्यांवर खाली ‘सिटी ऑफ वेस्टमिन्स्टर’ असं लिहिलेलं असतं. इंग्लंडात तेव्हा कॅथेड्रल असलेल्या गावाला ‘सिटी’ म्हणत. धर्मप्रांत बुडाला, सिटी राहिली.

इंग्रजीत एक म्हण आहे, पीटरला लुटून पॉलचं देणं फेडायचं. ॲबी सेंट पीटरची, तिच्या उत्पन्नाचा काही भाग सेंट पॉलकडे वळवला गेला, त्यावरून ती म्हण पडली असं काही गाईड छातीठोकपणे सांगतात. म्हण त्याच्या कितीतरी आधीची आहे. ऐकायला छान वाटतं म्हणून खरं मानू नका.

ॲबीत पुन्हा जाणार असाल तर विषयाबाहेरचं एक सांगते. उत्तरेकडच्या बाजूच्या दालनात ॲडमिरल चार्ल्स वॉटसनचं स्मारक शोधा. ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेलं आहे. वॉटसन रोमन पद्धतीचं वस्त्र पांघरून उभा, एका बाजूला गुडघे टेकलेली बाई म्हणजे कलकत्ता, दुसऱ्या बाजूला साखळदंडात जखडलेला कैदी म्हणजे चंदननगर. त्या दोन नावांबरोबर तिसरं नाव कोरलंय ‘घेरिया’चं, वर्ष १७५६. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांच्या विरोधात इंग्रजांची मदत घेतली, वॉटसनच्या आरमाराने किल्ला घेतला आणि तुळाजींच्या गलबतांची होळी झाली. कोकणातल्या गटाला हे नाव दाखवलं की दोन मिनिटं कुणी बोलत नाही. मग हमखास एकजण म्हणतो, ‘पेशव्यांनी चूकच केली,’ आणि बस सुटेपर्यंत वाद चालतो.

असो. हेन्रीच्या त्या सहांपैकी ऑक्सफर्डची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तिथली गादी आधी ऑक्सफर्डबाहेरच्या ओझनी मठात ठेवली होती, १५४२ मध्ये. मठाचेच शेवटचे मठाधिपती रॉबर्ट किंग पहिले बिशप झाले. चारेक वर्षांत गादी शहरातल्या ख्राइस्ट चर्च कॉलेजच्या चर्चमध्ये हलवली आणि ओझनी वाऱ्यावर सोडलं. एवढा थोरला मठ, आज तिथे जुन्या गिरणीजवळचं एक लहानसं बांधकाम सोडलं तर काही नाही. मात्र ओझनीची मोठी घंटा गादीबरोबर आली. पुढे ती वितळवून नव्याने ओतली, नाव ‘ग्रेट टॉम’. वजन सहा टनांच्या वर. रोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी ती १०१ टोले देते, कॉलेजच्या मूळच्या शंभर विद्यार्थ्यांचे आणि नंतर वाढलेल्या एकाचा. नऊ-पाच अशासाठी, की ऑक्सफर्डची जुनी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पाच मिनिटं मागे होती. एका नाहीशा झालेल्या कॅथेड्रलची घंटा अशी रोज कानावर पडते.

हेन्रीच्या आधी, म्हणजे त्याच्या पाचशे वर्षं आधी, गाद्या हलण्याची एक मोठी लाट येऊन गेली. सॅक्सन काळात, म्हणजे नॉर्मन स्वारीच्या आधी, बिशप खेड्यापाड्यांत बसायचे. १०६६ नंतर फ्रान्समधून नॉर्मन आले. त्यांचा सगळा कारभार तटबंदीच्या गावांतून चालायचा. बिशप म्हणजे त्यांच्या दृष्टीने अर्धा सरकारी अधिकारी, तो खेड्यात कसा चालेल? कँटरबरीचे आर्चबिशप लॅनफ्रँक यांनी १०७५ मध्ये लंडनला धर्मसभा भरवली आणि तीन गाद्या एका दमात हलवल्या: सेल्सीची चिचेस्टरला, लिचफिल्डची चेस्टरला, शेरबर्नची ओल्ड सेरमला. टेम्स काठच्या डॉर्चेस्टरची गादी त्याआधीच, १०७२ मध्ये लिंकनला गेली होती. डॉर्चेस्टर आज एवढंसं खेडं आहे, पण चर्च पाहिलंत तर गावाच्या मानाने केवढं! (नंतर तिथे मठ झाला. मठ बुडाल्यावर रिचर्ड बोफॉरेस्ट नावाच्या गावकऱ्याने १४० पौंड मोजून वेदीकडचा भाग विकत घेतला आणि गावाला दिला, म्हणून तो उभा आहे.) इंग्लंडात गाडीने जाताना दोन-अडीचशे उंबऱ्यांच्या गावात असं अवाढव्य चर्च दिसलं, की तिथे कधीतरी मठ तरी होता नाहीतर गादी तरी, एवढं समजायचं.

लिचफिल्डची जी गादी चेस्टरला गेली तीही तिथे टिकली नाही, पंचवीस-तीस वर्षांत कॉव्हेंट्रीला गेली. चेस्टरला ती ज्या सेंट जॉन चर्चमध्ये होती ते आजही आहे, शहराच्या रोमन तटाबाहेर, रोमन रंगमंडळाच्या अगदी शेजारी. अर्धं वापरात, अर्धं पडकं. १८८१ मध्ये त्याचा मोठा मनोरा कोसळला. मागच्या पडक्या भिंतीत उंचावर एक लाकडी शवपेटी उभी बसवलेली आहे. मुलं ती बघून हरखतात, मोठे जरा गप्प होतात.

पूर्वेकडे नॉरफकमध्ये गादीने दोन मुक्काम बदलले. नॉर्थ एल्महमहून थेटफर्ड, तिथून १०९० च्या दशकात नॉरिच. हर्बर्ट द लोसिंगा या बिशपने राजाला पैसे मोजून पद मिळवलं होतं. पुढे पश्चात्ताप झाला आणि प्रायश्चित्त म्हणून त्याने नॉरिचचं कॅथेड्रल बांधायला घेतलं, असं सांगतात. तिथे गेलात तर मुख्य वेदीच्या मागे जा. पायऱ्या चढून वर अर्धवर्तुळाकार भिंतीत बिशपचं आसन आहे. वरचं लाकूड अलीकडचं, पण त्याच्या खाली झिजलेल्या, जुन्या दगडाचे तुकडे बसवलेले आहेत, आगीने होरपळल्यासारखे. हे एल्महमच्या दिवसांतल्या सॅक्सन आसनाचे तुकडे, गादीबरोबर वाहून आणलेले, अशी परंपरा. खुर्ची हलली म्हणजे अक्षरशः खुर्चीच हलली! कॅथेड्रल म्हणजे काय हे त्या चार बोडक्या दगडांनी मला जेवढं कळलं तेवढं पुस्तकांनी कळलं नाही. नॉर्थ एल्महमला आज गवतात अवशेष दिसतात. पुष्कळ लोक ते सॅक्सन कॅथेड्रल समजून फोटो काढतात. मूळ कॅथेड्रल लाकडी होतं, ते केव्हाच गेलं. दिसतं ते नॉर्मन काळातलं दगडी चॅपल आणि त्याचाच पुढे एका बिशपने चौदाव्या शतकात केलेला तटबंदीचा वाडा.

असंच एक आसन उत्तरेला हेक्सम ॲबीत आहे. सातव्या शतकातलं, एकसंध वालुकाश्माचं, पाठ बुटकी, कडेला विणीसारखी नक्षी. हेक्समची गादी ६७८ मध्ये सुरू झाली आणि नवव्या शतकाच्या आरंभी संपली. हजार-बाराशे वर्षांत त्या आसनावर कुणी बिशप बसलेला नाही, पण ते चर्चच्या मधोमध तसंच ठेवलंय. एकोणिसाव्या शतकात हलवताना ते तडकलं. ती भेग दिसते.

बाथचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बाथला सगळेच जातात म्हणून सांगते. तिथला बिशप मुळात वेल्स या गावचा. नॉर्मन बिशप जॉन ऑफ टूर्स याने १०९० च्या सुमारास गादी उचलून बाथला नेली, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या श्रीमंत गावात. वेल्सवाले अर्थातच चिडले. दीडशे वर्षं वाद चालला आणि १२४५ मध्ये पोपने तोडगा काढला: बिशप ‘बाथ आणि वेल्स’चा. हेन्रीने १५३९ मध्ये बाथचा मठ बंद केला तेव्हा वेल्स एकटं उरलं, पण बिशपच्या पदवीत ‘बाथ’ आजही आहे. मठ बंद झाल्यावर चर्चची वास्तू बाथकरांना पाचशे मार्कांना (मार्क हे तेव्हाचं पैशाचं माप) देऊ केली होती. त्यांनी नको म्हटलं! मग छपराचं शिसं, घंटा, काचा सगळं विकलं गेलं आणि पुढची तीसेक वर्षं ते उघडं पडून होतं. समोरच्या बाजूला दगडी शिड्या आणि त्यांवर चढणारे-उतरणारे देवदूत सगळे बघतात. कोपऱ्याकडे ऑलिव्हचं झाड आणि त्याभोवती मुकुट कोरलाय तो फार कमी लोक बघतात. १४९९ मध्ये हे चर्च नव्याने बांधायला घेणारा बिशप ऑलिव्हर किंग, त्याची ती दगडी सही: ऑलिव्ह अधिक किंग. आणि आधीचं नॉर्मन कॅथेड्रल केवढं असेल याचा अंदाज करायचा तर एवढंच पुरे, की आजची सबंध ॲबी त्याच्या फक्त पुढच्या लांबोळ्या सभामंडपाच्या जागेत मावलेली आहे.

स्कॉटलंडचा मामला उलटा. तिथे १६८९ नंतर राष्ट्रीय चर्चने बिशप हे पदच काढून टाकलं. गादीच नाही तर कॅथेड्रल कुठलं? पण एडिंबराचं सेंट जाइल्स, ग्लासगो कॅथेड्रल, सगळी नावं शाबूत. सेंट जाइल्स तर सगळं मिळून तीसेक वर्षंच खरं कॅथेड्रल होतं, १६३० च्या दशकात थोडं आणि १६६१ ते १६८९. ॲबी दहा वर्षं कॅथेड्रल होती तिला कुणी कॅथेड्रल म्हणत नाही, याला अजून म्हणतात. नावांचा हिशेब लावायला जाऊ नका.

फ्रान्समध्ये क्रांतीने बिशपांची संख्याच छाटली, त्यात लाओं, नोयों, सॅन्लिस अशा जुन्याजाणत्या गाद्या गेल्या. लाओं माझं लाडकं. डोंगरावर पाच मनोरे आणि मनोऱ्यांवर उंच कमानींतून सोळा दगडी बैल खाली बघतात. डोंगरावर दगड ओढून नेणाऱ्या बैलांची ती आठवण, असं म्हणतात. बिशप जाऊन सव्वादोनशे वर्षं झाली, बैल आहेत. पोळ्याला तिथे असते तर नारळ फोडला असता.

आता ‘आपल्याकडे’. आहे की! जुन्या गोव्यात सगळे से कॅथेड्रल आणि बॉम जेझू बघून परततात. से कॅथेड्रलशेजारी सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च आहे. त्याच्या पश्चिमेला उतरलात की झाडीत जांभ्या दगडाचं एक बुटकं, बिनगिलाव्याचं चॅपल लागतं. सेंट कॅथरिनचं. पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला, सेंट कॅथरिनच्या सणादिवशी शहर घेतलं, म्हणून तिच्या नावाने तिथे आधी चॅपल बांधलं, आदिलशाही तटाच्या दरवाजाच्या जागी. १५३४ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला कॅथेड्रलचा दर्जा दिला. केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंतचा धर्मप्रांत आणि त्याची गादी अशा ठिकाणी! १५५० मध्ये ते वाढवलं, मग १५६२ मध्ये शेजारी से कॅथेड्रलचं काम सुरू झालं आणि १६१९ पर्यंत मुख्य इमारत उभी राहिली. तीही सेंट कॅथरिनलाच वाहिलेली. गादी फार तर शे-दोनशे पावलं सरकली असेल. आज दिसणारं चॅपल १९५२ मध्ये दुरुस्त केलेलं आहे. पुढच्या खेपेला गोव्याला गेलात तर पाच मिनिटं काढा, तिथे बहुधा तुम्ही दोघंच असाल.

मुंबईत कॅथलिकांची गादी १९६४ साली भुलेश्वरच्या जुन्या चर्चमधून कुलाब्याच्या होली नेममध्ये गेली. आणि वसईच्या किल्ल्यातल्या सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली ‘कॅथेड्रल, कॅथेड्रल’ म्हणत रील करणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगते, की पोर्तुगीज काळात वसईला बिशपची गादी कधी नव्हती. ते शहरातलं मुख्य चर्च, पोर्तुगिजांच्या भाषेत ‘मात्रिझ’. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेतला तेव्हा तिथून पोर्तुगीज गेले, गादी नाही. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला १९९८ मध्ये आणि आमच्या पापडीचं चर्च कॅथेड्रल झालं. मी लहानपणी जिथे पहिली कम्युनियन घेतली तेच चर्च. आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, ‘नवीन बांधलं का?’ तर म्हणाली, ‘छे गं, खुर्ची आणली.’

राहिले तुमचे दोन मोकळे दिवस. नॉरिच आणि लाओं लांब पडतील. एक सोपा बेत सांगते, एकाच रेल्वेमार्गावरचा. वॉटर्लू स्टेशनवरून एक्सेटरकडे जाणारी गाडी घ्या. सव्वादोन तासांच्या आसपास शेरबर्न येतं. परत येताना वाटेत सॉल्झबरीला उतरून मुक्काम करा. असं केलंत तर गादी ज्या क्रमाने गेली त्याच क्रमाने तुम्ही जाल: शेरबर्न, ओल्ड सेरम, सॉल्झबरी.

शेरबर्न ॲबी स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटं. ७०५ ते १०७५ तिथे गादी होती, सत्तावीस बिशप होऊन गेले. आल्फ्रेड राजाचे दोन थोरले भाऊ, तेही राजेच, तिथे पुरलेले आहेत. गादी गेल्यावर मठ राहिला आणि मठाचं गावाशी पटेना. भांडण कशावरून? बाळांचा बाप्तिस्मा कुठल्या कुंडात करायचा यावरून. सोळाव्या शतकातल्या जॉन लेलँड या इतिहास-संशोधकाने लिहून ठेवलंय, की मठाच्या बाजूने वॉल्टर गॅलर नावाच्या दांडगट खाटकाने गावकऱ्यांचं कुंड फोडलं. त्यावर गावच्या चर्चच्या एका पाद्र्याने पेटता बाण मारला. १४३७ साल होतं, दुरुस्ती चालू होती, वर तात्पुरतं गवताचं छप्पर होतं. भडकलंच. पुढच्या बांधकामाला गावालाही वर्गणी द्यावी लागली. त्याच बांधकामात ते पंखासारख्या दगडी फासळ्यांचं छत झालं, इंग्लंडातल्या मोठ्या पंखाछतांपैकी अगदी सुरुवातीचं. छत बघून मान दुखली की नजर खाली भिंतींवर आणा. वेदीकडच्या भागात मधाच्या रंगाचा दगड मधेच गुलाबी, लालसर झालेला दिसेल. ती त्या आगीची धग. आणि मठ बुडाला तेव्हा गावकऱ्यांनी काय केलं? मठाचं चर्च विकत घेऊन आपलं केलं आणि स्वतःचं चर्च पाडलं. त्याची एक भिंत पश्चिमेच्या टोकाला अजून उभी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॉल्झबरीहून बसने ओल्ड सेरम, तीनेक किलोमीटर. टेकडीवर गोल तटबंदी, आत किल्ला, आणि खाली हिरवळीवर कॅथेड्रलचा नुसता आराखडा, पायाच्या रेघा. तिथलं कॅथेड्रल १०९२ मध्ये अर्पण झालं आणि पाचव्या दिवशी वादळाने त्याची नासधूस केली. पुढे सव्वाशे वर्षं तक्रारी: पाणी नाही, किल्ल्यातले शिपाई त्रास देतात, वाऱ्यापुढे गाणं ऐकू येत नाही. शेवटी बिशप रिचर्ड पूर यांनी खाली नदीकाठच्या कुरणात जागा घेतली आणि १२२० मध्ये सॉल्झबरी कॅथेड्रलचा पाया घातला. त्याचा १२३ मीटरचा कळस तुम्हाला टेकडीवरूनच दिसेल. जुन्या कॅथेड्रलचे दगडही वाया गेले नाहीत. खाली उतरलात की कॅथेड्रलच्या आवाराची बाहेरची भिंत जरा निरखून बघत चला, साध्या दगडांत मधेच एखादा नक्षीचा तुकडा उलटासुलटा बसवलेला सापडतो. माझ्या एका गटातल्या आजींनी अकरा मोजले होते. मला नऊच सापडलेत.

कॅथेड्रलमध्ये १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या अधिकारांना आळा घालणाऱ्या सनदेच्या, चार उरलेल्या प्रतींपैकी एक आहे, तीही बघा. आणि वहिनींना सांगा, ओल्ड सेरमला जाताना कानटोपी न्यायची. वाऱ्याची तक्रार अजून खरी आहे.